मधूकाकांची साक्ष

जर्मनीत, अमेरिकन लष्करी तळ असलेल्या कायझर्सलाउटर्नमधले आमचे मधूकाका इतके भिडस्त, की हॉटेलात डाळ खारट निघाली तरी वेटरचीच माफी मागतील. इराक युद्ध पेटलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या ट्रॅव्हिस या अमेरिकन सैनिकाने, माणूस मारणं मनाला पटत नाही म्हणून लष्करातून सुटका मागितली. त्यांच्या कायद्यात तशी सोय आहे, पण मन खरं असल्याचं पटवावं लागतं. नाही पटलं तर इराक, नाहीतर तुरुंग. शेजाऱ्यांपैकी साक्षीला गेले एकटे काका.

"अहो, तोंड उघडेल ना तिथे?" काकूंना धास्ती.

चौकशीत अधिकाऱ्याने विचारलं, "इराकला जायचा हुकूम आल्यावरच बरं याचं मन जागं झालं?"

काका म्हणाले, "साहेब, मीसुद्धा मुलगी आजारी पडल्यावरच देवापुढे बसतो. म्हणून माझा नमस्कार खोटा का?"

ट्रॅव्हिस सुटला. काका मात्र निघताना, उलट बोललो म्हणून अधिकाऱ्याची माफी मागून आले होते.