टाचेतलं रक्त

माझी मुलगी मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या आईने जाहीर केलं, "अमावास्या लागायच्या आत घरी. एकदा लागली की बाळंतिणीला बाहेर पडू देणार नाही मी." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक रात्र राहा. आईने पिशव्या भरायला घेतल्यासुद्धा. पंचांग बघून डिस्चार्ज घेणारं घर आमचंच! नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार, कशाला वाद?" जाऊ दे, जाऊ दे करतच आमचा संसार चाललाय.

निघताना सिस्टर धावत आली. नव्या बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, जन्मजात आजार शोधायला. "खरं तर उद्या घ्यायचं असतं," ती म्हणाली, "पण तुम्ही निघालाच आहात." खोलीत एसी, पोरीचे पाय गारठलेले. रक्त येईना. सिस्टर टाच दाबतेय, पोर किंचाळतेय आणि दारातून आई, "आटपा हो, रिक्षा थांबलीय!" छापलेल्या एका गोलात एकच मोठा थेंब पडायला हवा, हे मला नंतर कळलं. हिने थेंबावर थेंब टाकून गोल भरले. अहो, कागद होता तो, मेंदीचा हात नव्हे!

घाटकोपरला माहेरी आठवडाही झाला नाही तोच नर्सिंग होममधून फोन आला. थायरॉइड कमी पडलं की चढतो तो टीएसएचचा आकडा फार वर आहे, लगेच पुन्हा रक्त द्या. उशीर केला तर काय होईल, मी विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "आजार खरा असेल तर मेंदूची वाढ अडते. औषध जितकं लवकर तितकं बरं."

घरात मात्र कुणाला काही नाही. "अगं, घाईत घेतलेलं रक्त ते, चुकलंच असणार," आई म्हणाली. "बारशाआधी पोरीला बाहेर काढायची नाही." घाई कुणाची होती, बाई? नवऱ्याने मोबाइलवर वाचून काढलं की पहिल्या एक-दोन दिवसांत हा आकडा तसाही चढलेला असतो आणि थेंबावर थेंब पडले की आणखी फुगतो. "बघ, उगाच टेन्शन घेतेस तू." दोघं मिळून त्या सिस्टरच्या नावाने खडे फोडत बसले. माझं डोकंच फिरलं.

"अरे, फुगला असेल आकडा! पण किती फुगला ते तुझा मोबाइल सांगणार आहे का? चूकच आहे म्हणता, मग पुन्हा बघायला घाबरता कशाला?"

आई रडायला लागली. "इवल्याशा जिवाला किती सुया टोचाल गं?" मी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि कानाला बांधलेल्या रुमालानिशी जिना उतरले. नवरा चपला घालत मागून धावला. आईही आली, तोंड फुगवून.

बाळांचे डॉक्टर म्हणाले, "आता टाचेचं नको. हाताच्या शिरेतून घेऊ, म्हणजे शंका राहायला नको." एकदा टोचलं, छोटी नळी भरली, झालं. पोर जरा रडली नि झोपली. एवढ्यासाठी घरात महाभारत!

संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा वरच होता आणि बाळाच्या अंगात थायरॉइडचं हार्मोन जवळजवळ नव्हतंच. "पहिलं रक्त चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीने घेतलं होतं, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "पण आजारही खरा आहे. वेळेत आलात. आजपासून रोज एक गोळी, चुरून, आईच्या दुधातून. न चुकता दिलीत तर चारचौघांसारखी वाढेल."

म्हणजे भांडण मी जिंकले होते. बाहेर येऊन बाकावर बसलो. आईने पोरीला मांडीवर घेतलं, दुपटं सारखं केलं आणि म्हणाली, "त्या सिस्टरचीच चूक निघायला हवी होती गं."

इतके दिवस तिच्या प्रत्येक वाक्यावर मी खेकसत होते. ह्या वाक्यावर मात्र तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, कारण मलाही तेच हवं होतं.