पिकप विकायची ठरली तेव्हा

आमच्या पिकपला सेल्फ नव्हता. असेल कधीकाळी, मिलिटरीत असताना. आमच्या दारात आली तेव्हा नव्हता. त्यामुळं ती कायम पाटाच्या भरावावर, तोंड उताराकडं करून उभी असायची. चाकाखालचा दगड काढला आणि गाडी घरंगळायला लागली की गिअर टाकायचा, मग ती खोकत-खाकरत चालू व्हायची. सपाटीला बंद पडली तर ढकलायला माणसं लागायची. राहात्यात असा धडधाकट माणूस सापडला नसता ज्यानं आमची गाडी कधी ढकलली नाही. नणंदेच्या लग्नात तर खुद्द वरपक्षानं ढकलली, फेटे सांभाळत.

गाडी नगरच्या लष्करी लिलावातली. तिथं जुन्या गाड्या निघायच्या आणि आसपासच्या गावांत ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणून मिरवायच्या. आमची आणली ती माझ्या धाकट्या दिरांनी. भाऊजी फौजेत ड्रायव्हर होते. लढाईत त्यांना काही झालं नाही. छावणीत चाक बदलताना जॅक निसटला आणि डावा पाय घोट्यापासून निकामी झाला. घरी परतले तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. पायामुळं लग्न जमलं नाही, असं आम्ही लोकांना सांगायचो. खरं सांगायचं तर त्यासाठी आम्हीही फार चपला झिजवल्या नाहीत.

डाव्या पायानं क्लच दाबता येत नाही, मग गाडी चालवायची कशी? भाऊजींनी त्यावर तोड काढली. गावात एक ख्रिस्ती मिस्त्री होते, मिशनच्या शाळेत लोहारकाम शिकलेले, फार निगुतीनं काम करणारे. त्यांच्याकडून भाऊजींनी हातभर लांबीची लोखंडी दांडी घडवून घेतली. ती सीटच्या उजव्या अंगाला बसवली आणि खालून क्लचला जोडली. दांडी मागं ओढली की क्लच दबायचा. उजव्या हातानं दांडी ओढायची, डाव्या हातानं गिअर टाकायचा आणि तेवढ्या पळापुरतं स्टेअरिंग गुडघ्यानं धरायचं. पहिल्यांदा मी शेजारी बसले तेव्हा कोल्हारच्या पुलावर डोळे गच्च मिटून घेतले होते.

‘‘वैनी, उघडा डोळे. पूल मागं ऱ्हायला,’’ भाऊजी म्हणाले आणि हसत सुटले.

आमची पेरूची बाग. थंडीत बहार आला की एक दिवसाआड पाट्या भरून गाडी नगरला जायची. बाजारात बोलायला मी बरोबर असायची, कारण आमचे हे अडत्यासमोर उभे राहिले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. माझ्या तोंडाला ते कधी लागलं नाही. रस्त्यात भाऊजी फौजेतल्या गोष्टी सांगायचे. पंजाबात किती थंडी असते, लडाखात इंजिन गोठू नये म्हणून काय करतात. घरी हा माणूस जेवताना मान वर करायचा नाही. गाडीत बसला की दुसराच कुणी व्हायचा. रस्त्यावरचे लोक हात करायचे, ‘‘काय फौजी, काय म्हनती गाडी?’’ गावात त्यांना लंगडा म्हणणारे होते, पण गाडीत बसलेल्या भाऊजींना तसं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट सांगते. त्या आधीच्या थंडीत गाडी राहुरीजवळ बसली. बसली म्हणजे अक्षरशः खालीच बसली. पाट्यांच्या ओझ्यानं चॅसीला चीर गेली होती. आम्ही दोघं दिवसभर उन्हात, आणि मागं पेरू. संध्याकाळी दुसऱ्या गाडीत माल चढवला तोवर निम्मा पिकून मऊ झाला होता. मला पुढं कितीतरी दिवस पेरूचा वास सहन व्हायचा नाही. चीर वेल्ड केली, गाडी कशीबशी उन्हाळ्यापर्यंत ओढली. पावसाळ्यात तिनं पुन्हा मान टाकली. या वेळी गिअरबॉक्स.

आता करायचं काय? दुरुस्त करायची का बदलायची? ह्यांना विचारलं की एकच उत्तर, ‘‘बघू.’’ श्रावण गेला तरी ‘‘बघू’’ संपेना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन महिन्यांवर बहार आला, झाडं काय तुमच्या बघण्यासाठी थांबणार आहेत का? मी पदर खोचला आणि एकटीच मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडवर गेले. आमची गाडी तिथंच पोट उघडून उभी होती.

‘‘मिस्त्री, एका शब्दात सांगा. दुरुस्त करू का बदलू?’’

मिस्त्रींनी हात पुसले. त्यांना घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती. ‘‘एका शब्दात न्हाई सांगता यायचं, बाई. दुरुस्त हुईल. मी करून देईन. पन नगरला जाऊन परत यील का, हे त्या प्रभूला ठावं. चॅसी लई थकलीय. तुमच्या जागी मी असतो तर बदलली असती.’’

‘‘बास. समजलं.’’

‘‘थांबा जरा, अजून एक बोलायचं हुतं. त्या दांडीचं...’’

‘‘दांडीचं काय आता! गाडीच जायची म्हटल्यावर दांडी काय ओवाळायची?’’ मी म्हणाले आणि तडक घरी आले. अर्धं ऐकायचं आणि पुरतं भांडायचं, हा माझा स्वभावच. आई म्हणायची तेव्हा राग यायचा, पण खरंच होतं तिचं.

मी माझ्या भावाला संगमनेरला कळवलं. त्याच्या पाहण्यात एक टेम्पो होता, दोन वर्षं वापरलेला, चांगला चार चाकी. भाऊ येऊन म्हणाला, ‘‘टेम्पोबरोबर ड्रायव्हरही देतो. माझ्या ओळखीचा आहे, भरवशाचा.’’

‘‘आणि भाऊजी?’’ मी विचारलं.

‘‘त्यांनी आता बागेत बसावं की आरामात. चांगल्या गाडीला तसली ठिगळं कोण लावतं, ताई?’’

मला ते पटलं नाही, पण पटल्यासारखं केलं. हे तर ऐकून उठून गोठ्यात गेले. गाडी जायची म्हणजे भाऊजींची सीट जायची, हे आम्हा दोघांना लख्ख कळत होतं. बागेत बसणं म्हणजे काय, तर पाखरं हाकणं. मी म्हणाले, ‘‘भाऊजींना एवढ्यात सांगू नका. दसरा होऊ दे. सणाच्या तोंडावर कशाला जिवाला घोर लावायचा?’’ नगरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही निरोप गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी बघायला येणार होता. मिस्त्रींनी ती विकण्यापुरती चालती करून दिली, आणि भाऊजींनी ती आणून पुन्हा पाटावर उभी केली. त्यांना वाटलं असेल दुरुस्त झाली, असं मला वाटलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी शेतातली एकूण एक अवजारं धुऊन अंगणात मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, तराजू, पाण्याची मोटर. त्यांना झेंडूची फुलं वाहायची, मी हळदी-कुंकू लावायचं, ह्यांनी नारळ फोडायचा. त्या दिवशी कुठल्याच अवजाराला काम सांगायचं नाही. गाडी आल्यापासून पहिला मान तिचा असायचा. भाऊजी आदल्या दिवशी तिला पाटाच्या पाण्यानं घासून-पुसून लख्ख करायचे, झेंडूचा हार स्वतः ओवायचे, आणि मी ताट घेऊन आधी तिच्याकडं जायची.

त्या वर्षीही गाडी धुतलेली होती. हारही घातला होता. मी ताट घेऊन बाहेर आले आणि थेट फाळापाशी बसले. फाळाला लावलं, विळ्यांना लावलं, तराजूला लावलं. गाडीकडं माझा पायच वळेना. आम्ही बैल विकतो तेव्हासुद्धा त्याला कुंकू लावून, ओवाळून, पोटभर खाऊ घालून देतो. पण ते सगळ्या घराला सांगून-सवरून असतं. इथं तर मी चोरून विकत होते. चोरून विकायच्या वस्तूला कुंकू कुठल्या तोंडानं लावू? कुणाच्या लक्षात येणार नाही असं मनाशी म्हणत मी ताट उचललं आणि घरात गेले. बाई इतकी खुळी असू शकते.

थोड्या वेळानं पाटाकडून पान्याचा आवाज आला. खंडेनवमीला पाना कोण चालवतंय म्हणून मी ताटासकट उंबऱ्यात आले. भाऊजी गाडीतून उतरत होते. हातात ती लोखंडी दांडी. लंगडत अंगणात आले, पंच्यानं दांडी स्वच्छ पुसली आणि विळा आणि तराजू यांच्या मधे जागा करून ठेवली.

‘‘वैनी, गाडीला न्हाई लावलं तर ऱ्हाऊ द्या. ह्याला लावा. हे माजं हाय.’’

माझ्या हातातलं ताट कलंडलं, कुंकू सांडलं. हे नारळ हातात धरून तसेच उभे.

‘‘कुणी सांगितलं तुम्हाला?’’

‘‘कुनी कशाला सांगाय पायजे? आठ वर्सं झाली, पैलं कुंकू गाडीला असतं तुमचं. आज फाळापासून सुरुवात केली, तवाच खात्री पटली.’’ ते ओट्यावर टेकले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ‘‘विकायचीच हाय ती, वैनी. मी तर उन्हाळ्यातच म्हनलो असतो. चॅसी गेल्यावर काय ऱ्हातं गाडीत? तुमाला घेऊन मी त्या पुलावरून जात हुतो, माजा जीव मुठीत असायचा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुमी विचारलं का न्हाई?’’

मिस्त्रींना विचारलं, भावाला विचारलं, नगरच्या अनोळखी व्यापाऱ्याला निरोप धाडला. आठ वर्षं ती गाडी ज्यानं चालवली, त्या घरच्या माणसाला मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि वर त्याला दुखवायला नको म्हणून गप्प राहिले, असं स्वतःचं कौतुकही करत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी तिथंच अंगणात बसून रडले. ह्यांनी नारळ खाली ठेवला आणि मला पाणी आणून दिलं. असं ते पहिल्यांदाच.

भाऊजींना माझ्या रडण्याची दया आली असावी. ‘‘आवं, रडताय कशाला? टेम्पोला बी बसती ही दांडी. मी आन् मिस्त्री श्रावणातच राहुरीला जाऊन एका टेम्पोची मापं घेऊन आलोय. मिस्त्री तुमाला सांगनार हुता. म्हनला, बाईंनी बोलूच दिलं न्हाई.’’

मग काय! आधी दांडीला कुंकू लावलं. मग ताट घेऊन पाटावर गेले आणि गाडीलाही लावलं, चांगलं ठसठशीत, बोनेटवर, चारी चाकांना.

दसऱ्याला भाऊ सोनं द्यायला आला, तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, ‘‘टेम्पो पाठव. ड्रायव्हर तुझा तुझ्याकडं ठेव.’’

‘‘अगं, चांगल्या गाडीला भोकं पाडणार तुम्ही?’’

‘‘माझी गाडी आहे. मी तिची चाळणी करीन, तुझं काय जातंय?’’

तो आपट्याची पानं देऊन न जेवता गेला. दिवाळीपर्यंत फुगून होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. त्याच्याशी भाऊजीच बोलले. चॅसीची चीर त्यांनी स्वतःच त्याला वाकून दाखवली. मी दातओठ खात ऐकत राहिले. सौदा ठरला. व्यापारी म्हणाला, ‘‘माझा माणूस येऊन नेईल.’’ भाऊजी म्हणाले, ‘‘मी आनलीय, मीच पोचवीन.’’ त्यांनी दांडी पुन्हा जागेवर बसवली. मी गाडीला बैलासारखं ओवाळलं. खाऊ काय घालणार, रेडिएटरमधे तांब्याभर पाणी ओतलं. ह्यांनी चाकाखालचा दगड काढला, गाडी घरंगळली, खोकली आणि निघाली. हे तो दगड हातात घेऊन बराच वेळ पाटावर उभे होते.

भाऊजी दिवेलागणीला एसटीनं परत आले. मी दारातच होते. त्यांच्या काखेत पंच्यात गुंडाळलेली दांडी होती, ग्रीस लागून पंचा काळा झालेला. मी चहा ठेवला. गाडीचं विचारायचा धीर होईना, म्हणून नुसतं म्हणाले, ‘‘गर्दी होती का हो एसटीला?’’

‘‘हुती की. दांडी मांडीवर घेऊन बसलो हुतो. कंडक्टर म्हनला, फौजी, हे काय लोखंड घेऊन चाललाय?’’

‘‘मग?’’

भाऊजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

‘‘म्हनलं, पाय हाय माजा. वैनींनी परवाच कुंकू लावलंय त्याला. आता वेगळं तिकीट लागत आसंल तर फाड.’’