त्याच्या नावाचा पुकारा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायकोला ते माहीत आहे, कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. कंपनीच्या वकिलांनी साक्षीला मलाच निवडलं ते बहुधा म्हणूनच.

आमच्या फौंड्रीच्या गेटवर मी हजेरी लिहितो. साचे भरणारा शाहूवाडीचा एकजण बारा वर्षं आमच्याकडे होता. आम्ही डबा एकत्र खायचो. एकदा मॅनेजरशी त्याचं वाजलं आणि दुसऱ्या दिवशी मला तोंडी हुकूम आला, त्याला आत सोडायचं नाही. तीन दिवस तो आला, तिन्ही दिवस मी त्याला गेटवरून परत पाठवला. मग त्यानं कामगार न्यायालयात अर्ज केला, मला कामावर परत घ्या. कंपनी म्हणाली, हा आपणहूनच यायचा बंद झाला. हे शपथेवर सांगायचं होतं मी. खरं बोलावं तर नोकरी गेली. खोटं बोलावं तर त्याच्या तोंडावर. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्याआधीच येऊन बसला होता. मला बघून बाकावर सरकला आणि जागा करून दिली. अर्जदारानं कंपनीच्या साक्षीदाराशी असं मांडीला मांडी लावून बसायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात गेले होते आणि जाताना हजेरीच्या कार्डांच्या झेरॉक्स काढून ठेवायला सांगून गेले होते.

"भावा, खाली जाऊन झेरॉक्स काढून आणतो. पुकारा झाला तर एक मिस कॉल दे."

"जा, मी हाय की."

हे मी मनापासून म्हणालो होतो. कुणाला पटणार नाही, पण मनापासूनच.

थोड्या वेळानं शिपायानं दारात येऊन त्याचं नाव पुकारलं. मी मोबाईल काढला, त्याचा नंबरही शोधला. दुसरा पुकारा झाला. तो आलाच नाही तर मला आज पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही, हे तेवढ्यात डोक्यात आलं आणि अंगठा काही हलेना. तिसरा पुकारा झाला. आत कंपनीचे वकील काहीतरी बोलले आणि अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकला गेला. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "सुटलात की हो!"

तो जिना चढून धापा टाकत आला.

"लाईट गेलती खाली. झाला पुकारा?"

"तुझा फोनच लागंना," मी म्हणालो.

त्यानं आपला मोबाईल बघितला. "व्हय, हितं रेंज कुठं असती," असं म्हणत मटकन खाली बसला. मला सबबही त्यानंच शोधून दिली.

त्याचे वकील आले, आधी त्याच्यावर तडकले, मग शांत होऊन म्हणाले, "अर्ज परत चालू करून घेता येईल. पण तू आज कोर्टातच होतास हे दाखवावं लागेल. कुणी बघितलंय तुला?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्यो हाय की. माझ्याशेजारीच बसलावता. सांगशील न्हवं भावा, शपथेवर?"

"व्हय," मी म्हणालो. आता मला एकदा नाही, दोनदा शपथ घ्यावी लागणार होती, आणि दोन्ही वेळा तो माझ्याकडे असाच विश्वासानं बघत बसणार होता.