फोटो नसलेली नोकरी

पांढरकवड्याहून यवतमाळला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, आरसे जडवलेली कांचळी घातलेली बंजारा बाई. मुलीची ठरलेली सगाई मोडून ती तांड्यावर परतत होती, आणि ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती.

मुलगी हैदराबादच्या एका कारखान्यात कामाला आहे. काही देश मिळून रडारला न दिसणारं लढाऊ विमान बनवताहेत. लढाई, टेहळणी, बॉम्बफेक, सगळं एकाच विमानाने करायचं. त्याचे काही भाग तिथे तयार होतात. फोन गेटवरच ठेवावा लागतो. मुलाकडच्यांनी तिचा कामावरचा फोटो मागितला. तो मिळेना, तेव्हा त्यांना नोकरीचीच शंका आली. नोकरी सोडली तरच लग्न, असं ते म्हणाले.

पुढच्या सीटवरचा माणूस वळून हसला. "मावशी, इमान दिसतच नाही, तं पोरगी तेच बनवून राह्यली कायवरून?"

तिने ओढणी सावरली. "नऊ महिने पोटात ठेवलं तिले, तरी कोणता पुर्जा बनवते ते मले बी नाही सांगत. एवढ्या भरवशाची पोरगी त्यायले कायले देऊ?"

मुलीचं नाव विचारायचं माझ्या मनात आलं होतं. ते मी विचारलं नाही.