गाण्याशिवायचा रेडिओ

वडिलांचं तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी मी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या घरमालकांच्या माडीवर बसून विलायतेचा रेडिओ ऐकला. त्या दिवशी मला दुसरं काही करायचं नव्हतं असं नाही. संध्याकाळी माढ्याकडून चुलते येणार होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं. वडील गिरणीत मागावर होते. त्यांच्या जागी मला लावून घ्यायला त्यांचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तयार होता. सोमवारी पहिल्या भोंग्याला मी फाटकाशी उभा राहिलो तर जागा माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. आणि मी उभा राहिलो तर माझं पुण्याचं कॉलेज तिथेच संपणार होतं. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घराण्यात मी पहिलाच.

आईला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुला वाटंल ते कर." पण मला काहीच वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला की चिमटा काढलेला दिसतो पण लागत नाही, तसं काहीसं होतं. लोक येत, मांडीला मांडी लावून बसत, मी पाण्याचा तांब्या पुढे करी.

घरमालकांना सगळी पेठ अप्पा म्हणे. खाली त्यांचं भुसार मालाचं दुकान, वर ते राहत, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ते लिंगायत, मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. रेडिओ त्यांनी नुकताच घेतला होता. गच्चीवर दोन बांबू उभे करून तार ताणली होती आणि तिच्यावर बसणारे कावळे हाकलायला रोज कुणीतरी वर जाई. रेडिओ गाण्यासाठी घेतलेला होता. पण वडील गेल्या दिवसापासून अप्पांनी गाणं लावलं नव्हतं.

मी त्यांना म्हणालो, "अप्पा, तुमच्यात तर सुतक नसतं, आणि आमचंही आता फिटलं."

"आमच्यात नसतं रे तम्मा," ते म्हणाले. "पण भिंत एकच हाय की. तुझी आई तिकडं बसलीय आन मी इकडं तबला ऐकू? बोलणं ऐकायला काय हरकत न्हाई. गाणं बंद, बोलणं चालू."

पण बोलणं चांगलं ऐकू येई ते विलायतेच्या केंद्राचं, आणि इंग्रजी घरात कुणाला येत नव्हतं. म्हणून त्या रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. मला एकट्याला बसू द्यायचं नाही, असाही त्यांचा विचार असावा. तसं ते बोलले नाहीत.

अप्पांच्या घरच्या, अक्का, गहू निवडत बसल्या होत्या. माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावरची टोपी कानांवर उतरत होती, ती त्यांनी हातानेच वर सारली आणि म्हणाल्या, "बा, कुंद्रु." ये, बस.

आधी बातम्या झाल्या. मी पुण्यात दोन वर्षं इंग्रजी ऐकत होतो, पण ते प्राध्यापकांचं, लिहून घेता यावं असं सावकाश. हे तसं नव्हतं. शिवाय आवाज विहिरीत पोहरा जावा तसा खाली जाई आणि पुन्हा वर येई. आमच्या घरात तर बोलणं नेहमी तोंडाकडे बघूनच व्हायचं. मागाच्या खडखडाटात वडिलांचे कान गेले होते. ते ओठ वाचत आणि स्वतः मोठ्यानं बोलत. आम्हीही समोर उभं राहून, तोंड पुरतं उघडून, ओरडून बोलायचो. इथे तोंडच नव्हतं. नुसती लाकडी पेटी.

"एन हेळ्तान?" अक्कांनी विचारलं. काय म्हणतो तो?

"एक बोट धुक्यात अडकली आहे," मी म्हणालो. "आणि कुणी मंत्री बोलले."

अप्पा म्हणाले, "एवढा वेळ बोलला आन एवढंच?"

"मला एवढंच कळलं."

"मग ठीक हाय. खोटं सांगू नको."

त्यानंतर एका बाईंनी गुलाबाची छाटणी कशी करावी ते सांगितलं. ते मला बरंच कळलं. अक्कांनी सूप खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सांगायला एवढ्या लांबून कशाला बोलायचं? गुलाब त्यांच्याकडं, आन सांगतात आपल्याला." मग बर्फाच्या प्रदेशात जाऊन आलेला एक गृहस्थ बोलला. त्याचे कुत्रे मेले, एवढं मी सांगितलं. अक्का चुकचुकल्या. मला कुत्र्यांचंही काही वाटलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

मग त्यांच्या देवळातली प्रार्थना लागली. एक जण संथपणे बोलत होता आणि मध्येच पुष्कळ माणसं एकदम गाऊ लागली. अप्पा झेपावले आणि त्यांनी बटण पिळून आवाज बंद केला.

अक्का म्हणाल्या, "असू द्या की. देवाचं हाय ते. भजन चालतं."

"बाजाच्या पेटीवर म्हणतायत. भजन कुठलं, गाणंच ते."

"आपल्या भजनाला पेटी नसती काय?"

"त्यांचा देव येगळा."

"मग त्यांच्या देवाला ह्याचं सुतक कसं ठावं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात जाणाऱ्याला हे माहीत असावं, अशी त्यांची अपेक्षा होती. मी टोपी वर सारली. शेवटी अप्पांनी आवाज इतका बारीक केला की गाणं संपलं की नाही एवढंच कान लावून कळावं, आणि बोलणं सुरू झालं की पुन्हा मोठा केला. असं चार-पाचदा झालं. गाणं सुरू झालं की अप्पांचा हात जाई. प्रवचनाचा अर्थ सांगायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

ऊन उतरलं तेव्हा निवेदकाने पुढचा बोलणारा कोण ते सांगितलं, पण नेमका तेव्हाच आवाज बुडाला. वर आला तेव्हा कुणी म्हातारा बोलत होता. ते इंग्रजी मी आजवर ऐकलेल्या कुठल्याच इंग्रजीसारखं नव्हतं. शब्द अर्धे गिळलेले, हेल निराळे, आपल्या गावाकडच्या बोलीसारखं काहीतरी. मला काही कळेना. पण तो फार मोठ्यानं बोलत होता. आधीचे सगळे माणसाशेजारी बसून बोलावं तसे बोलले होते. हा जणू मैदानापलीकडच्या कुणाला हाक मारत होता. पेटीतला पडदा थरथरू लागला. अप्पांनी आवाज कमी केला, तरी तो ओरडतच होता.

"एन हेळ्तान?"

मी उत्तर द्यायच्या आत अप्पा म्हणाले, "ह्याच्या वडिलांसारखा बोंबलतोय बघ."

"शू!" अक्कांनी त्यांना दटावलं. "काय बोलावं, कुणापुढं बोलावं!"

पण ते खरंच होतं. मी उठून पेटीजवळ गेलो आणि कान लावला. थोड्या वेळाने 'माग' कळलं, 'गिरणी' कळलं. मग एक वाक्य सबंध कळलं: आमच्या खात्यात आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो.

"अक्का," मी म्हणालो, "हा मागावरचा माणूस आहे. ह्याचेही कान गेलेत."

"तिकडं पण?"

"तिकडं पण."

"मग ह्याला कुणी सांगितलं न्हाई का, रेडिओत हळू बोलायचं म्हणून?" अप्पा म्हणाले.

"सांगितलं असेल," मी म्हणालो, "ऐकू आलं नसेल."

आणि मला हसू आलं. अप्पा हसले, मग अक्काही पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढंच. लगेच पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं. म्हातारा पुढे काय बोलला ते मला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी मात्र तो थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

दिवे लागले तेव्हा चुलते आले. खोलीत आई चुलीपाशी, पाठ करून बसली होती. त्यांनी चहा बशीत ओतला आणि विषयाला हात घातला.

"जॉबरला भेटून आलोय. जागा धरून ठिवलीय म्हनला. वैनीकडं बघाया कुनी पायजे की न्हाय? लई शिकलास. आता तू काय म्हनतोस?"

दिवसभर मी दुसरे काय म्हणतात तेच सांगत होतो. हा प्रश्न आला तेव्हा मी क्षणभर थांबलो, जसा पेटीतला आवाज वर यायची वाट बघत थांबत होतो.

"मी पुण्याला जातो," मी म्हणालो.

"काय? मोठ्यानं बोल की जरा."

मी त्यांच्यासमोर सरकून बसलो, तोंड पुरतं उघडलं आणि म्हणालो, "मी पुण्याला जातो, काका! मला शिकायचंय!"

ते मी ठरवून केलं नाही. त्या खोलीत महत्त्वाचं काही सांगायचं तर असंच सांगायची सवय होती. आईने चटकन मागे वळून पाहिलं. कितीतरी दिवसांत त्या खोलीत कुणी तसं बोललं नव्हतं.

"आरं, मी काय भैरा हाय व्हय?" चुलते म्हणाले.

"जाऊ द्या त्याला, भावजी," आई म्हणाली. तीही ओरडूनच बोलली. "हितलं आवरते आन मी येते तुमच्याकडं. खुरपायला हात हायत मला."

चुलत्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "उद्या जॉबरला मीच सांगतो. तू कशाला थांबतोस, आजच्याच गाडीनं जा."

आईने शेंगांची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून दिली. ह्या दोन खोल्या आता सुटणार, हे मला दिसत होतं, लागत नव्हतं. ते पुष्कळ पुढे, पुण्यात, एका साध्या दुपारी लागलं.

चुलत्यांनी ट्रंक उचलली आणि आम्ही बोळात उतरलो. अप्पांच्या माडीवर दिवा होता. आई अजून मागच्या खोलीत असल्यामुळे गाणं नव्हतंच. कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. टोपी सावरायला मी खिडकीखाली थांबलो.

"एन हेळ्तान?" अक्कांचा आवाज आला.

अप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ते कानडीत अक्कांना काहीतरी सांगू लागले, चांगलं सविस्तर, आणि त्या मधूनमधून 'हौदु, हौदु' म्हणत होकार देत होत्या.