एक वाजताची हाक

सुपरवायझर म्हणतो, दुपारचा एक वाजला की तुझं लक्ष कामात नसतं. खरंच आहे. हात रांजणगावच्या कंपनीत मशीनवर असतात, जीव गावी, निमोण्यात.

तिथं आबा, माझे वडील, त्या वेळी एकटेच असतात. बायको अंगणवाडीतून अडीचला येते. आबांना साखरेचा आजार, आणि आता विसरण्याचाही. गोळी घेतली का, जेवण झालं का, काही म्हणता काही आठवत नाही. म्हणून मी बोलणारं घड्याळ आणलं. बायको म्हणाली, आवाज माझा भरू या. पण मला कोण मिजास! आबा ऐकतील तर माझंच. मग रोज एकला घड्याळ माझ्या आवाजात हाक मारू लागलं, "आबा, गोळी घ्या. चला जेवायला."

डबीतल्या गोळ्या बरोबर कमी होऊ लागल्या. भाकरी मात्र तशीच उरायची. विचारलं तर म्हणायचे, "भूक न्हाई." आम्ही शहाण्यांनी ते खरं मानलं.

चौथ्या दिवशी कंपनीत लाइन बंद पडली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आलो तर दोन ताटं वाढलेली, आणि आबा घामाघूम होऊन गोठ्यात मला शोधत होते.

"हाक मारून कुठं उलथलास? कवाधरनं ताट वाढून बसलोय!"

ज्यानं जेवायला बोलावलं तो शेजारी बसल्याशिवाय आबांनी जन्मात घास घेतला नव्हता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गोळी पोटात, अन्न नाही, साखर पार उतरलेली. माझीच हाक त्यांचा जीव घेत होती. आधी साखर चारली. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्याच संध्याकाळी आवाज पुन्हा भरला. "आबा, मी कामावर हाय. यायला उशीर होईल. वाट बघू नका. गोळी घ्या आन् जेवा."

आता ते जेवतात. तरी एक वाजला की मला चैन पडत नाही. अडीचला बायकोला फोन केल्याशिवाय माझा डबा उघडत नाही.

परवा सुट्टी होती. आबांच्या शेजारीच पाटावर बसलो होतो, कांद्याच्या रोपांचं काहीतरी सांगत होतो. घड्याळ बोलायला लागलं. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा पावणं, पोरगा बोलतोय."

आवाज थांबेपर्यंत ते मान हलवत राहिले. मग गोळी घेतली आणि एक ताट माझ्याकडं सरकवलं.

"जेवा तुम्ही. त्याला यायला उशीर हाय."