मागच्या सीटवरची झोप

दुखऱ्या खांद्याला चोळायच्या मलमाचा उग्र वास आला की मला डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधली २०१६ सालची एक ओली संध्याकाळ आठवते. शेजारणीची गाडी बंद पडली होती, म्हणून तिला आणि तिच्या तरुण मुलाला बेसबॉलच्या मैदानावरून मीच घरी आणत होते. इथल्या हौशी संघातून तो अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला होता, पण काही वर्षं खालच्या लीगमध्ये बसनं गावोगाव फिरून, खांदा दुखावून परत आला होता. चिखलाच्या बुटांसकट तो मागच्या सीटवर गाढ झोपला होता. काचांवर वाफ धरली होती. इतक्यात शेजारणीच्या हातातला त्याचा फोन वाजला. अमेरिकेचा नंबर होता; तिथल्या संघाच्या याच फोनची तो कितीतरी दिवस वाट पाहत होता. "वाजू दे," ती म्हणाली, "किती दिवसांनी असा झोपलाय गं!" मी गाडी कडेला घेतली. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. तिनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि त्याचा गुडघा हलवला. "ऊठ बाळा, तुझा फोन." तो दचकून उठला, नुसता ऐकत राहिला आणि शेवटी इथल्या आयरिश ढंगात म्हणाला, "ग्रँड, ठीक आहे. येतो." पुढच्या वर्षी तो सगळ्यात वरच्या, मेजर लीगमध्ये खेळला. आम्ही शेजारी टीव्हीपुढे टाळ्या वाजवत होतो आणि ती म्हणत होती, "दमलाय गं." आता पोहण्याच्या सरावाहून येताना माझी मुलगी गाडीत झोपते आणि घर आलं तरी मी तिला लगेच हाक मारत नाही.